गरोदरपणात फुप्फुस आकसलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्टवर ‘न्यूमोथोरॅक्स’ असं लिहून आलं की पहिला प्रश्न येतो, हे काय नवीन? आणि लगेच मागोमाग दुसरा, बाळाला काही होणार नाही ना? खालचे प्रश्न ओपीडीत आणि वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर साधारण ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने ठेवले आहेत. हे वाचताना आत्ताच दम लागत असेल तर बाकीचं राहू द्या. ‘ताबडतोब केव्हा निघायचं?’ एवढंच वाचा आणि निघा.

‘फुप्फुस फुटलं’ म्हणतात, म्हणजे नेमकं काय झालं?

फुप्फुसावर एक आणि बरगड्यांना आतून एक, असे दोन पातळ पडदे असतात. मधे केसभर जागा आणि तीत थोडासा द्रव. या जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणूनच फुप्फुस ताणलेलं राहतं. फुप्फुसाच्या पृष्ठभागावर कुठेतरी बारीक छिद्र पडलं की हवा या जागेत शिरते, ताण सुटतो आणि फुप्फुस आकसतं. यालाच न्यूमोथोरॅक्स म्हणतात. छिद्र बहुतेक वेळा वरच्या टोकाजवळ आणि अगदी लहान असतं. फुप्फुसाच्या चिंध्या झालेल्या नसतात, आणि दुसऱ्या बाजूचं फुप्फुस आपलं काम करत असतं.

डॉक्टर ‘छोटा’ किंवा ‘मोठा’ म्हणतात ते एक्स-रेवर मोजून. फुप्फुसाच्या मुळाच्या पातळीवर छातीची भिंत आणि आकसलेल्या फुप्फुसाची कड यांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर तो मोठा धरायची पद्धत आहे. पण हल्ली उपचार ठरवताना या आकड्यापेक्षा बाईला किती त्रास होतोय याला जास्त महत्त्व देतात, आणि ते योग्यच आहे.

गरोदरपणात दम लागतोच की. मग हे वेगळं कसं ओळखायचं?

लागतो, आणि तिथेच घोटाळा होतो. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे श्वास खोल होतो, वाढणारं गर्भाशय श्वासपटलाला सुमारे ४ सेंटिमीटर वर ढकलतं, आणि निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना कधी ना कधी धाप जाणवते. त्यामुळे ‘सातवा लागलाय, व्हायचंच’ असं सासू म्हणते, शेजारीण म्हणते, आणि घाईत असलेला डॉक्टरही कधीकधी तेच म्हणतो.

गरोदरपणाची धाप आठवड्या-आठवड्याने वाढत जाते. जिना चढताना लागते, टेकलं की शमते, आणि तिच्यात दुखत नाही. न्यूमोथोरॅक्सची धाप बहुधा अचानक सुरू होते, इतकी की बाई क्षण सांगू शकते: कपडे वाळत घालत होते आणि उजवीकडे चमक भरली. दुखणं एकाच बाजूला असतं, खोल श्वास घेतला किंवा खोकला आला की टोचतं, कधी खांद्यात नाहीतर पाठीच्या फऱ्यापाशी जातं. त्याला घरात पित्त म्हणतात, ‘वात धरला’ म्हणतात, बाळाची लाथ बरगडीत बसली म्हणतात. ओवा खाऊन होतो, शेक होतो, बाम होतो, आणि चार दिवस असेच जातात.

बोटाला लावायचं यंत्र ९८ दाखवतंय म्हणून निर्धास्त राहू नका. तरुण बाईत छोटा न्यूमोथोरॅक्स असताना ऑक्सिजन अगदी नॉर्मल येऊ शकतो. शिवाय एका बाजूला टोचणारं दुखणं आणि धाप ही लक्षणं फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्यावरही दिसतात, आणि गरोदरपणात गुठळीचा धोका वाढलेला असतो. त्यामुळे दोन्ही शक्यतांसाठी तपासणी लागतेच. डॉक्टरांना एवढंच सांगा: ‘अचानक सुरू झालं, आणि एकाच बाजूला आहे.’ या दोन गोष्टी ऐकल्यावर ते स्टेथोस्कोप दोन्ही बाजूंना लावून श्वासाचा आवाज ताडून बघतात.

ताबडतोब केव्हा निघायचं?

वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, ऑक्सिजन ९५ च्या खाली गेला असेल, नाडी फार जोरात चालत असेल, घेरी येत असेल, मानेच्या शिरा फुगल्या असतील किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर १०८ ला फोन करा. हवा आत शिरतेय पण बाहेर पडत नाही, अशी अवस्था आली तर वाढता दाब हृदयाकडे परतणारं रक्त अडवतो. तिथे एक्स-रेची वाट न बघता सुई घालून हवा सोडावी लागते.

अँब्युलन्स येईपर्यंत तिला उताणं झोपवू नका. पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपलं की गर्भाशय मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाबतं. टेकून बसवा. बसवत नसेल तर डाव्या कुशीकडे कलवा. पाणी, चहा, साखर काही पाजू नका.

एक्स-रे काढला तर बाळाला धोका नाही का?

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नात जातो, म्हणून आकडेच देतो. छातीच्या एक्स-रेत बाळापर्यंत ०.०००५ ते ०.०१ मिलीग्रे इतका किरणोत्सर्ग पोहोचतो. नऊ महिन्यांत माती, दगड आणि आकाशातून बाळाला आपोआप मिळतो तो ०.५ ते १ मिलीग्रे. म्हणजे एक्स-रेचा डोस जास्तीत जास्त धरला तरी तो नैसर्गिक डोसाच्या पन्नासाव्या हिश्शापेक्षा जास्त होत नाही. बाळात व्यंग किंवा गर्भपात यांचा संबंध ५० मिलीग्रेच्या खालच्या डोसाशी आढळलेला नाही. छातीच्या सीटी स्कॅनमध्येसुद्धा बाळाला ०.०१ ते ०.६६ मिलीग्रे मिळतो, तोही या मर्यादेच्या खूप आत. सीटी उगाच काढू नये हे खरं, पण गरज असेल तर अडवू नये.

पोटावर शिशाचा ॲप्रन ठेवतात. ठेवला तर ठेवू द्या, नाही ठेवला तर भांडू नका. पोटापर्यंत जे थोडे किरण जातात ते बहुतेक शरीराच्या आतून विखुरत जातात, ॲप्रनने त्यांत फारसा फरक पडत नाही. काही ठिकाणी ‘गरोदर आहे’ म्हटल्याबरोबर एक्स-रे टेक्निशियन परत पाठवतो. अशा वेळी डॉक्टरांची लेखी चिठ्ठी दाखवा किंवा त्यांना फोन जोडून द्या, पण एक्स-रे न काढता घरी येऊ नका. गरोदर बाईच्या न्यूमोथोरॅक्समध्ये खरं नुकसान उशिराने होतं, किरणांनी नाही.

छातीची सोनोग्राफी हा चांगला पर्याय आहे. श्वासाबरोबर फुप्फुस पडद्याखाली सरकताना दिसतं. ते सरकणं दिसेनासं झालं की हवा असल्याचा संशय बळावतो. पलंगाशेजारी पाच मिनिटांत होते, मात्र करणाऱ्याचा हात सरावलेला हवा.

मी बिडी-सिगारेटला हात लावला नाही. मग मलाच का?

धूम्रपानाने धोका खूप वाढतो हे खरं, पण अनेकींमध्ये फुप्फुसाच्या टोकाशी जन्मापासून किंवा वाढीच्या वयात झालेले बारीक फुगे असतात आणि त्यांतला एक फुटतो, एवढंच कारण सापडतं. गरोदरपणात श्वास वाढलेला असतो, उलट्या होतात, बाळंतपणात जोर लावला जातो, त्यामुळे असा फुगा फुटायला निमित्त मिळतं. दमा, न्यूमोनिया, छातीला मार हीही कारणं.

आपल्याकडे टीबी पहिल्यांदा आठवायला हवा. संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन, दोन आठवड्यांहून जास्त खोकला यांतलं काही असेल तर बेडक्याची तपासणी मागून घ्या. वजनाबाबत फसगत होते. गरोदरपणात ते वाढायला हवं, त्यामुळे नुसतं ‘वाढलं नाही’ हीसुद्धा खूण समजा.

सुरुवातीच्या महिन्यांत उलट्यांनी जीव नकोसा झालेल्या काहींत हवा फुप्फुसाबाहेर न साठता छातीच्या मधल्या भागात आणि मानेच्या कातडीखाली येते. मान दाबली की कुरकुर लागते. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा आपोआप जिरतं. मात्र जोराच्या उलट्यांनी अन्ननलिका तर फाटली नाही ना, हे आधी पाहावं लागतं.

आणि एक दुर्मिळ आजार, ज्याचं नाव लांबलचक आहे: लिम्फँजिओलायोमायोमॅटोसिस, डॉक्टरांच्या तोंडी ‘लॅम’. तो जवळजवळ फक्त बायकांना होतो, तोही मूल होण्याच्या वयात. फुप्फुसात पातळ भिंतींच्या पोकळ्या होतात, इस्ट्रोजेनमुळे तो बळावतो आणि कधी गरोदरपणातच पहिल्यांदा न्यूमोथोरॅक्सच्या रूपाने उघडा पडतो. याच्या जोडीला किडनीत गाठी असू शकतात आणि त्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. धूम्रपान न करणाऱ्या बाईला दुसऱ्यांदा न्यूमोथोरॅक्स झाला तर ‘लॅम आहे का बघू या’ असं तुम्ही स्वतः डॉक्टरांना म्हटलं तरी चालेल. यापूर्वी पाळीच्या सुमारासच छातीत दुखायचं असं असेल तर तेही सांगा. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं, छातीतही असू शकतो.

बाळाला ऑक्सिजन कमी पडेल का?

आईचा ऑक्सिजन ९५ किंवा वर असेल तर बाळाचं भागतं. गरोदरपणात शरीराला ऑक्सिजन सुमारे २० टक्के जास्त लागतो आणि श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारा साठा जवळपास तेवढाच घटलेला असतो. म्हणून एरवी ९२ वर गप्प बसणारे डॉक्टर गरोदर बाईला लगेच मास्क लावतात. २४ आठवड्यांनंतर बाळाच्या ठोक्यांवरही लक्ष ठेवलं जातं. एका फुप्फुसाचा तुकडा काढलेल्या बायकांची बाळंतपणं नीट झालेली आहेत, तेव्हा ‘एकच बाजू चालतेय’ एवढ्यावरून धीर सोडू नका.

डॉक्टर म्हणतात, ‘नुसतं बघू या.’ हा हलगर्जीपणा तर नाही?

नाही. न्यूमोथोरॅक्स छोटा आहे, आईला दम नाही, बाळाचे ठोके ठीक आहेत, तर लक्ष ठेवणं हाच उपचार असतो. छिद्र आपोआप मिटतं आणि साठलेली हवा रोज थोडी थोडी शोषली जाते. छातीच्या त्या बाजूच्या मापाच्या एक ते दोन टक्के, एवढाच तिचा वेग. ऑक्सिजन लावला तर तो वाढतो. त्यामुळे दोन दिवसांनी एक्स-रे ‘तसाच’ दिसला तर नाराज होऊ नका.

मात्र ‘बघू या’ म्हणजे ठरलेल्या दिवशी पुन्हा तपासणी. ती तारीख केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय उठू नका. आणि दवाखाना दोन तासांवर असेल तर पहिले काही दिवस जवळच मुक्काम करा.

छातीत नळी घालावीच लागेल का? फार दुखतं का?

दम लागत असेल तर आधी बारीक सुईने किंवा पातळ नळीने हवा ओढून काढून बघतात. जागा बधिर करतात, बाई जागी असते, काम अर्ध्या तासात आटोपतं. तेवढ्याने भागलं नाही, हवा पुन्हा साठली किंवा सुरुवातच गंभीर असली तर आयसीडी, म्हणजे छातीतली नळी घालतात. श्वासपटल वर सरकलेलं असल्याने गरोदर बाईत ती नेहमीपेक्षा एक-दोन बरगड्या वरून घालावी लागते. शक्यतो सोनोग्राफीवर बघून घालतात. बधिर केलेलं असूनही आत सरकवताना दाब जाणवतो, आणि फुप्फुस उघडताना खोकल्याची उबळ येते. उबळ आली म्हणजे काही बिघडलं असं नाही.

नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं. खोकताना त्यात बुडबुडे आले तर छातीतली हवा बाहेर पडतेय. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली झुलतं, तेव्हा नळी मोकळी आहे. बुडबुडे थांबले, एक्स-रेत फुप्फुस भिंतीला टेकलं, की नळी काढायचा विचार होतो.

नातेवाइकांनी दोन गोष्टी सांभाळायच्या. बाटली छातीच्या पातळीच्या वर कधीही न्यायची नाही, स्ट्रेचरवर ठेवतानाही नाही, नाहीतर पाणी उलटं छातीत जाईल. वॉर्डबॉय घाईत बाटली पोटावर ठेवायला गेला तर स्पष्ट अडवा. आणि बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावू द्यायचा नाही, मग तो ‘फक्त एक्स-रेला जाऊन येईपर्यंत’ असला तरी.

नळी आहे म्हणून दिवसभर पलंगावर पडून राहू नका. बाटली खाली धरून वॉर्डात फेऱ्या मारायच्या. गरोदरपणात पडून राहिल्याने पायात गुठळी होते, आणि काहींना ती टाळायची इंजेक्शनंही द्यावी लागतात.

दुखण्यासाठी काय घेता येतं?

पॅरासिटामॉल. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सर्रास मिळणारं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन किंवा आयबुप्रोफेनची गोळी २० आठवड्यांनंतर नको. बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याची भीती असते. नळी असताना जास्त दुखलं तर ट्रामाडॉलसारखं औषध थोडे दिवस डॉक्टर देतात. त्याने बद्धकोष्ठ होतो आणि कुंथणं अजिबात नको, म्हणून इसबगोल आधीपासून सुरू ठेवा.

ऑपरेशन गरोदरपणात करतात का?

हवा गळणं थांबतच नसेल किंवा पुन्हा पुन्हा होत असेल तर करतात, दुर्बिणीतून. निवड करता आली तर चौथा ते सहावा महिना बरा. नाहीतर बाळंतपण उरकून मग. नळीतून औषध सोडून पडदे चिकटवायचा प्रकार मात्र गरोदरपणात शक्यतो टाळतात. त्यासाठी वापरतात त्यांपैकी डॉक्सिसायक्लिन बाळाच्या दातांना आणि हाडांना चांगलं नाही, आणि पोव्हिडोन आयोडीनमधलं आयोडीन बाळाच्या थायरॉइडला त्रास देऊ शकतं.

नॉर्मल की सिझर?

‘फुप्फुसाचा प्रॉब्लेम आहे, सिझरच करून टाका’ असं घरचे हटकून म्हणतात. केवळ न्यूमोथोरॅक्स होऊन गेला म्हणून सिझर लागत नाही. काळजी असते ती शेवटच्या टप्प्याची. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि फुगा पुन्हा फुटू शकतो. म्हणून कमरेतून एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं औषध, देतात; कळांचा त्रास आणि जोर लावायची ऊर्मी दोन्ही आटोक्यात राहतात. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं की बाळाला चिमट्याने किंवा व्हॅक्यूमने मदत करून हा टप्पा लवकर संपवतात. नळी छातीत असतानाही बाळंतपण करता येतं.

इतर कारणाने सिझर लागलंच तर कमरेतल्या भुलीवर. पूर्ण भुलीत यंत्र दाबाने हवा आत ढकलतं. ते टाळता येत नसेल आणि न्यूमोथोरॅक्स अजून असेल तर आधी नळी घालून मग भूल देतात.

एक गोष्ट लेबर रूममध्ये तुम्हालाच सांगावी लागेल. कळांसाठी मास्कमधून हुंगायला देतात तो एन्टोनॉक्स गॅस निम्मा नायट्रस ऑक्साइड असतो. छातीत अडकलेल्या हवेतला नायट्रोजन बाहेर पडण्याआधी नायट्रस ऑक्साइड कितीतरी भराभर आत शिरतो आणि ती हवा फुगते. न्यूमोथोरॅक्स असताना हा गॅस चालत नाही. रात्रीच्या ड्यूटीवरच्या नर्सने तुमची जुनी फाइल वाचलेली असेलच असं नाही. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

सातव्या-आठव्या महिन्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, छातीचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ यांचं एकदा बोलणं व्हायला हवं. तिघं एकाच इमारतीत नसतील तर फोनवर बोलून एक कागद तयार करून द्या म्हणावं. बाळ वेळेआधी काढावं लागेल असं वाटलं तर ३४ आठवड्यांच्या आत त्याच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याचीही तयारी त्या कागदात असते.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचंय. प्रवास चालेल?

नळी निघून, एक्स-रे स्वच्छ आल्यावर रेल्वेने किंवा गाडीने जायला हरकत नाही. विमानाला मात्र एक्स-रे पूर्ण स्वच्छ झाल्यानंतर किमान सात दिवस थांबा. विमानाच्या आतला दाब ८,००० फूट उंचीवर असतो इतका कमी होऊ शकतो, आणि छातीत राहिलेली हवा तिथे सुमारे एक तृतीयांशाने फुगते. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. तिथे परिणाम कमी, पण हवा बाकी असताना जायचं कशाला?

माहेरचं गाव लहान असेल तर आधी एक चौकशी करा: तिथून किती अंतरावर छातीत नळी घालू शकणारा डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ आहे? उत्तर समाधानकारक नसेल तर आईला सासरी बोलवा. रीत थोडी उलटी होईल, होऊ द्या.

टीबीच निघाला तर? औषधं बाळाला बाधतील?

नेहमीची चारही औषधं गरोदरपणात देतात, जोडीला पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व. स्ट्रेप्टोमायसिन नको, बाळाच्या कानांना ते घातक. टीबीत नळी जास्त दिवस राहते, कधी काही आठवडे. औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत, आणि निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये खात्यात येतात.

प्राणायाम, फुगे फुगवणं, चुलीवर फुंकणी?

कपालभाती आणि भस्त्रिका गरोदरपणात तशाही नकोत. श्वास रोखून धरायचा कुंभकही नको. साधा, सावकाश श्वास घ्या. नळी निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं यंत्र देतात, ते सांगतील तेवढंच करा. डोहाळजेवणाचे फुगे दुसऱ्या कोणी फुगवावेत. त्याने फुप्फुस पुन्हा आकसेलच असं नाही, पण निष्कारण जोर कशाला. चुलीचा मुद्दा वेगळा आहे, तिथे फुंकणीपेक्षा धूर वाईट. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर त्याला बाहेर घालवा.

बाळाला अंगावर पाजता येईल?

येईल, नळी असली तरी. बाळाला दुसऱ्या बाजूला, काखेखाली धरून पाजा, उशीचा आधार घ्या. बाळंतपणानंतर आयबुप्रोफेनही चालतं. पाण्याच्या बादल्या आणि भरलेले सिलिंडर उचलणं काही आठवडे दुसऱ्यांवर सोपवा. टीबी असेल तरी पाजणं थांबवायचं नाही, फक्त मास्क लावायचा.

पुन्हा होईल का? दुसऱ्या बाळाचा विचार करावा का?

पहिल्या न्यूमोथोरॅक्सनंतर तो पुन्हा होण्याचं प्रमाण एरवीही साधारण तिघांत एक इतकं आहे, आणि गरोदरपणात धोका आणखी वाढतो. त्यामुळे बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की छातीच्या डॉक्टरांकडे परत जाऊन सीटी स्कॅन आणि गरज असल्यास दुर्बिणीचं ऑपरेशन यांवर बोला, पुढचा विचार त्यानंतर. ऑपरेशन झाल्यावर पुन्हा होण्याचं प्रमाण खूपच घटतं, आणि नंतरची गरोदरपणं नीट पार पडतात. लॅम निघाला तर पुढचं मूल आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या या दोन्हींबाबत तज्ज्ञांशी सविस्तर बोलल्याशिवाय निर्णय घेऊ नका. तोपर्यंत कॉपर टी चालते.